मोटारसायकलीच्या टायराची पाठ गोल कां ?

आमच्या मराठवाड्यांत कोणत्याहि खेड्यांत जुन्या बैलगाडीचें चाक पाहिलें, तर त्याच्या परिघावर तापवून बसविलेली लोखंडी पट्टी दिसते. तिला धाव म्हणतात. ही धाव सपाट असते, आणि तिच्या सपाट असण्यांत कांहीं वावगें नाहीं; कारण गाडीला दोन चाकें शेजारीं शेजारीं असतात, व वळणावर ती एका अंगावर कलत नाहीं. मोटारीचा रबरी टायरहि पाठीवर बहुतेक सपाटच असतो. परंतु मोटारसायकलीचा नवा टायर हातांत घेऊन पाहावा, तों त्याची पाठ कमानीसारखी गोल असते. हा भेद कशासाठीं, असा प्रश्न आम्हीं नववीच्या वर्गांत घातला, तेव्हां एक विद्यार्थी म्हणाला, "दिसायला बरें दिसतें म्हणून !" वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण ह्याच प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा जीव जातां जातां वांचला होता. तो प्रसंग आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं हा तरुण नांदेडहून लातुरास मोटारसायकलीवरून निघाला होता. लोह्याच्या अलीकडे एका वळणावर त्याची गाडी मागून घसरली व तो रस्त्यावर आपटला. डोक्यावर हेल्मेट होतें म्हणून प्राणावरचें संकट खांद्यावर निभावलें. पण खांद्याचें हाड मोडून त्यास दीड महिना घरीं बसावें लागलें. आम्ही त्याच्या समाचारास गेलों, तेव्हां तो पुन्हां पुन्हां एकच गोष्ट सांगत होता : "सर, माझा वेग फार नव्हता. टायर तर नव्यासारखा आहे. आपण स्वतः पाहा, कडेचे रबराचे केंससुद्धां अजून तसेच आहेत."

गाडी अंगणांतच उभी होती. आम्ही वांकून पाहिलें. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दोन्ही कडांची नक्षी खोल होती, आणि सांच्यांतून निघतांना टायराला जे बारीक रबरी केंस राहतात तेहि जागच्या जागीं होते. मग आम्हीं त्याच्या धाकट्या भावाच्या दप्तरांतील पट्टी मागितली व ती मागच्या टायरावर आडवी धरली. नव्या टायरावर पट्टी मधोमध एकाच ठिकाणीं टेकते, आणि दोन्ही बाजूंस खालून उजेड दिसतो. येथें ती तीन बोटें रुंद जागेवर पाटासारखी बसली. टायर नवा होता तो फक्त कडेला. मध्यें त्याची बैलगाडीची धाव झाली होती.

झुकाव कशासाठीं ?

धांवत धांवत खांबाला वळसा घालणारा मुलगा पाहा. तो आपलें अंग खांबाकडे झोंकून देतो. हें त्यास कोणी शिकविलेलें नसतें. चालत्या पदार्थाचा स्वभाव सरळ रेषेंत जाण्याचा आहे. त्यास वळवावयाचें तर वळणाच्या मध्याकडे ओढणारी प्रेरणा लागते. मोटारसायकलीला ती प्रेरणा केवळ एकाच ठिकाणाहून मिळते, आणि तें ठिकाण म्हणजे टायर व रस्ता ह्यांच्यामधील घर्षण. परंतु ही ओढ जमिनीलगत लागते, आणि गाडी व स्वार ह्यांचा गुरुत्वमध्य तर जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास उंच असतो. गाडी उभी ठेवूनच वळूं गेल्यास पाय आंत ओढले जातील आणि धड बाहेर उलथेल. म्हणून स्वार गाडी आंतल्या बाजूस कलती करतो. मग तिचें वजन तिला आंत पाडूं पाहतें, जडत्व तिला बाहेर उलथूं पाहतें, आणि दोहोंचा तोल सांपडला म्हणजे गाडी कललेल्या स्थितींतच सुरक्षित वळते.

किती कलावें, ह्याचा नियम सोपा आहे. वेगाचा वर्ग करावा. त्यास वळणाची त्रिज्या व गुरुत्वाचें प्रवेगमान ९.८ ह्यांच्या गुणाकारानें भागावें. जें उत्तर येईल तें झुकावाच्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे तुम्ही वर्गांत जिला टॅन म्हणतां ती, होय. उदाहरणार्थ, २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर, वेगानें गेल्यास झुकाव सुमारें ७ अंश पुरतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ३६ किलोमीटर, केला कीं तोच कोन सुमारें २७ अंश होतो. आणि वेग तिप्पट, म्हणजे ताशीं ५४ किलोमीटर, केला तर ४९ अंश लागतात. रोजच्या वापराच्या गाडीचे पाय ठेवण्याचे दांडे त्याच्या पुष्कळ आधींच रस्त्यास घांसूं लागतात. वेग दुप्पट केल्यास लागणारी ओढ दुप्पट न होतां चौपट होते, हें ह्या नियमाचें मर्म आहे.

ह्या सूत्रांत वजनाचें नांवहि नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घ्या. एकटा स्वार असो कीं मागें दोन मुलें बसलेलीं असोत, त्याच वळणावर त्याच वेगास झुकाव तोच लागतो. पुष्कळांस वाटतें कीं, जड गाडी रस्त्यास अधिक घट्ट धरते, म्हणून ती वळणावर अधिक निर्धास्त. तो भ्रम आहे. वजनाबरोबर पकड वाढते खरी, पण तितक्याच प्रमाणांत वळविण्यास लागणारी ओढहि वाढते.

गोलाईचें काम

आतां टायराकडे वळूं. रबराच्या नळींत हवा भरली कीं ती स्वभावतःच गोल होते. हवेच्या टायराचें पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्यांनीं १८४५ सालींच घेतलें होतें, पण तो टायर प्रचारांत आला नाहीं. पुढें बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां तसाच टायर स्वतंत्रपणें बनविला व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून दुचाकीचा टायर गोल तो गोलच राहिला. कारण गाडी किती अंशांनीं कलली तरी गोल पाठीचा कोणता ना कोणता भाग रस्त्यावर पूर्ण टेकलेला राहतो. गाडी उभी असतां मधला माथा टेकतो. ती कलूं लागली म्हणजे टेकण्याची जागा हळूहळू माथ्यावरून खांद्याकडे, आणि खांद्यावरून कडेकडे सरकते. सपाट टायर मात्र कलतांच एका धारेवर उभा राहील.

गोलाईचें दुसरेंहि एक काम आहे. तें पाहण्यासाठीं घरांतील फुलपात्र आडवें करून जमिनीवर गडगडत सोडा. त्याचें तोंड रुंद व बूड अरुंद असल्यामुळें तें सरळ न जातां वर्तुळांत फिरतें. कललेला टायर अगदीं असाच वागतो. त्याचा मधला माथा आंसापासून अधिक दूर व कड जवळ असते. म्हणून कडेवर चालणारा टायर आपण होऊनच आंतल्या बाजूस वळूं पाहतो. टायराचा आकार वळणास असा हातभार लावतो.

टायराच्या अंगावर ८०/१००-१८ असे आंकडे असतात. त्यांचा अर्थ असा : रुंदी ८० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या शेंकडा १००, आणि रीमचा व्यास १८ इंच. १४०/७०-१७ हा टायर १४० मिलिमीटर रुंद आणि त्याच्या शेंकडा ७०, म्हणजे ९८ मिलिमीटर, उंच झाला. हल्लीं लातूर-नांदेडकडील तरुणांस जाड टायराची फार हौस आहे. जाड टायर म्हणजे जास्त पकड, एवढाच हिशेब ते करतात. भूमिति मात्र कांहीं निराळेंच सांगते. टायर जितका रुंद व गोल, तितकी कलतांना टेकण्याची जागा आंतल्या बाजूस अधिक सरकते, आणि तोल साधण्यास गाडी तितकी अधिक कलवावी लागते. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच धरून वरच्या २७ अंशांच्या वळणाचा हिशेब केला, तर ८० मिलिमीटर रुंदीच्या टायरास सुमारें २ अंश आणि १४० मिलिमीटरच्या टायरास सुमारें साडेतीन अंश जास्त झुकाव द्यावा लागतो. जाड टायराचे दुसरे लाभ असतील; पण त्यानें गाडी कमी कलवून भागतें, असें मात्र नाहीं.

शिवाय अरुंद रीमवर रुंद टायर चढविला तर त्याच्या दोन्ही बाजू चिमटल्या जाऊन पाठ अधिक टोंकदार होते. मग सरळ रस्त्यावर मधली अरुंद पट्टीच काय ती टेकते व लौकर झिजते, आणि कडा इतक्या वर राहतात कीं त्या रस्त्यास कधीं लागतच नाहींत. उलट रुंद रीमवर अरुंद टायर बसविला तर त्याची पाठ ताणून चपटी होते. म्हणून गाडी बनविणाऱ्यानें पुस्तकांत जें माप दिलें आहे तेंच घ्यावें. त्यानें रीम, टायर व गाडीची उंची ह्यांचा मेळ आधींच घातलेला असतो.

आमच्या रस्त्यांवरील झीज

टायर कोठें झिजेल, हें स्वार कोठें जातो ह्यावर अवलंबून आहे. लातुराहून चाकूर, अहमदपूर, लोहा ह्या मार्गानें नांदेडास येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ अलीकडच्या वर्षांत पुष्कळ रुंद व सरळ झाला आहे. ह्या सुमारें १४० किलोमीटरांच्या प्रवासांत गाडी बहुतेक वेळ उभीच चालते. म्हणजे मधला माथा तेवढा सतत घांसला जातो, आणि कडा घरीं ठेवल्यासारख्या नव्या राहतात. मागच्या चाकावर इंजिनाचा जोर व मागें बसणाऱ्यांचा भार असल्यामुळें तेथें ही झीज अधिक होते. उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हां तापलेलें रबर आणखी लौकर उतरतें. अशा रीतीनें कमानीचा कळस कापला जाऊन तेथें पटांगण होतें, आणि पटांगणाच्या दोन्ही काठांस दोन बांध उभे राहतात.

असा टायर सरळ रस्त्यावर कांहीं तक्रार करीत नाहीं. फसवणूक होते ती येथेंच. समजा, सपाट पट्टी ५ सेंटिमीटर रुंद आहे. गाडी थोडी कलूं लागली कीं टेकण्याची जागा हळूहळू सरकण्याऐवजीं जवळजवळ एकदम अडीच सेंटिमीटर बाजूच्या बांधावर जाते. त्यामुळें गाडीचें वजन तिला पुन्हां उभी करूं पाहतें, आणि स्वारास वाटतें, आज गाडी वळत कां नाहीं ? तो आणखी जोर करतो. मग बांध ओलांडला जातो आणि गाडी अपेक्षेबाहेर झपकन् आंत कलते. त्या क्षणीं सगळा भार रबराच्या अरुंद धारेवर आलेला असतो. कोरड्या डांबरावर हेंहि कदाचित् निभावेल. पण पहिल्या पावसानें भिजलेली धूळ, किंवा ट्रॅक्टराच्या चाकांनीं शेतांतून आणलेली काळी माती त्या ठिकाणीं असेल तर ती धार सुटते. आमच्या विद्यार्थ्याचें नेमकें असेंच झालें. पुढचा टायर अजून गोल होता व तो मुकाट्यानें वळत होता. मागचा आधीं अडला आणि मग घसरला.

माहूरची वाट ह्याहून कठीण आहे. नांदेडहून शंभराहून अधिक किलोमीटर जावें, आणि मग रेणुकादेवीच्या डोंगरावर चढतांना एकामागून एक डावीं-उजवीं वळणें लागतात. सपाट रस्त्यांवर झिजलेल्या टायराची परीक्षा अशी एकदम घाटांत होते, आणि तीहि बहुधा मागें कुटुंबांतील कोणी बसलेलें असतांना.

कडेच्या झिजेचीहि भाषा वाचतां येते. जो नित्य घाटांत फिरतो, किंवा शर्यतींत धांवतो, त्याच्या टायराच्या कडा झिजतात व माथा शाबूत राहतो. हवा कमी असेल तर टायर दबून दोन्ही खांदे झिजतात; हवा जास्त असेल तर माथा झिजतो. आणखी एक गंमत आहे. आपण रस्त्याच्या डाव्या अंगानें जातों, आणि पाणी वाहून जावें म्हणून रस्त्याची पाठ मध्यें उंच केलेली असते. गाडी उभी असली तरी तिच्या खालचा रस्ता उजवीकडे चढता असल्यामुळें टायर माथ्याच्या किंचित् उजव्या बाजूस टेकतो. जुन्या टायराची झीज दोन्ही बाजूंस मोजून पाहा, व हें तुमच्या गाडीस लागू पडतें कीं नाहीं तें स्वतः ठरवा.

कांहीं तरुण कडेची न झिजलेली पट्टी ही भित्रेपणाची खूण समजतात व ती पुसून टाकण्यासाठीं गाडी मुद्दाम जमिनीस लागेपर्यंत कलवतात. आमचें सांगणें असें कीं, ती पट्टी म्हणजे अडचणीच्या वेळेसाठीं राखून ठेवलेली शिल्लक आहे. संकटांत अधिक कलावें लागलें तर तीच उपयोगी पडते. शिल्लक उधळण्यांत पुरुषार्थ नाहीं. मात्र न वापरलेलें रबरहि वयानें कठीण होत जातें, हें विसरूं नये. टायराच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कड नवी दिसते म्हणून तिचें वय लपत नाहीं.

पुठ्ठ्याची परीक्षा

विद्यार्थ्यांनो, ही परीक्षा तुम्ही उद्यांच करूं शकाल. वहीच्या जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या. ओळखीच्या टायरवाल्याकडे तुमच्या घरच्या गाडीच्या मापाचा नवा टायर असेल, त्याच्या पाठीवर पुठ्ठा आडवा धरून गोलाई आंखून घ्या व तेवढा भाग कात्रीनें कापा. हा झाला तुमचा सांचा. गाडी बंद करून, मधल्या स्टँडवर उभी करून, तो मागच्या टायरावर धरा. दोन्ही खांद्यांवर सांचा टेकला आणि मध्यें फटींतून उजेड दिसला, तर माथा किती उतरला आहे तें तुम्हांस कळेल. नक्षीच्या खांचांत तळाशीं रबराच्या लहान उंचवट्या असतात; पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीस आला म्हणजे टायर बदलण्याची वेळ झाली. ह्या उंचवट्या कोठें आहेत तें दाखविण्यासाठीं टायराच्या बाजूवर त्रिकोण किंवा टी. डब्ल्यू. आय. हीं अक्षरें असतात. त्या मधल्या माथ्यावर पाहा, कडेला पाहून समाधान मानूं नका. हवा मोजावयाची ती सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावी.

पालकांसहि एक विनंति आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना १८ वर्षांच्या आंत मिळत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें, अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षां हा विचार मोठा आहे कीं, ज्या गाडीवर आपण आपलीं मुलें शाळेंत पोंचवितां तिचा टायर आपण शेवटीं केव्हां वांकून पाहिला ?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस सहज मिळाला असें कोणी समजूं नये. ज्या दिवशीं नववीच्या मुलांनीं पुठ्ठ्याचे सांचे तयार केले, त्या दिवशीं मधल्या सुटींत ते शाळेच्या आवारांतील गाड्या तपासूं लागले. दिसण्यासाठीं टायर गोल असतो असें ज्यानें सांगितलें होतें, तोच विद्यार्थी एका गाडीशीं बराच वेळ बसून होता. त्यानें दोनदां सांचा धरला, दोनदां वांकून उजेड पाहिला, आणि मग उठून हळूच म्हणाला, "सर, ही आपली गाडी आहे ना ?"

गाडी आमचीच होती. कडेचे केंस तसेच होते, आणि मध्यें तीन नाहीं तरी दोन बोटें पटांगण झालें होतें. ज्या दोषाचें आम्ही वर्गांत आठ दिवस व्याख्यान देत होतों, तो रोज आमच्याच गाडीखालीं शाळेंत येत होता. त्या संध्याकाळीं आम्ही गाडी पायीं ढकलीत टायरवाल्याकडे नेली. सांचा त्या विद्यार्थ्यापाशींच ठेवला आहे, व दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं आमच्या गाडीची तपासणी करण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें आहे.